पगार नाही, म्हणूनच नियम

(बेळगावातील मुलांच्या बास्केटबॉल क्लबच्या पालक आणि स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

पालकहो, आणि सकाळी साडेपाचला येऊन कोर्ट झाडणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

गेल्या महिन्यात एका पालकांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही सगळे फुकट शिकवता. मग हे सहा पानी नियम कशाला? आपलीच माणसं आहेत की सगळी!" त्यांनी आपुलकीनंच विचारलं होतं. तेव्हा दारात उभ्याउभ्या उत्तर देणं जमलं नाही, ते आज देते.

पगारी माणूस चुकला तर त्याला जाब विचारता येतो, वेळ आली तर काढता येतं. स्वयंसेवकाचं तसं नसतं. तो आपला वेळ देतो, पेट्रोल घालतो, कधी पदरच्या पैशानं चेंडूही आणतो. आपण त्याच्या उपकाराखाली असतो, आणि उपकाराखालच्या माणसाला प्रश्न विचारणं जड जातं. "एवढं करतोय बिचारा, त्याला कसं बोलायचं?" या एका वाक्याखाली काय काय झाकलं जातं ते मी पाहिलं आहे. म्हणून माझं मत असं आहे की जिथे पगार नाही, तिथे नियम जास्त स्पष्ट लागतात.

माझे आजोबा तालमीत जायचे. ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती, आत पाऊल टाकण्याआधी ती कपाळाला लावायची, आणि वस्तादाचा शब्द शेवटचा. तिथे भिंतीवर नियमांचा कागद नव्हता. पण वस्ताद त्याच गल्लीत राहायचा. पोरांच्या आया त्याच्या घरच्यांना ओळखत होत्या, आणि तालमीवर सगळ्या गल्लीची नजर असायची. आज आपल्याकडे अनगोळची मुलं आहेत, कंग्राळीची आहेत, राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीहून येणारी आहेत. सोमवारी शिकवणारा बुधवारी नसतो. ती गल्लीची नजर आता कुणाकडे नाही, म्हणून तिच्या जागी कागद आणावा लागला.

आणि हा खेळ तर कागदावरूनच सुरू झाला आहे. कबड्डी किंवा खो-खोसारखे खेळ आधी मैदानात वाढले, नियम मागून आले. बास्केटबॉलचं उलटं झालं. 1891 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाकडे एक हूड वर्ग होता. थंडीमुळे बाहेर खेळता येईना, आणि आत खेळवलं की पोरं एकमेकांच्या अंगावर जायची. त्यानं 13 नियम लिहिले, ते फलकावर लावले, आणि मग पहिला सामना झाला, नऊ विरुद्ध नऊ. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, कारण पळणाऱ्याला पाडावंच लागतं. टोपली उंच टांगली, म्हणजे चेंडू जोरात हाणून उपयोग नाही, तो अलगद, कमानीनं टाकावा लागतो. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं बंद. दुसऱ्यांदा कुणी तसं केलं तर पुढचा चेंडू टोपलीत पडेपर्यंत तो बाहेर. मुद्दाम इजा करायचा इरादा दिसला तर सगळ्या सामन्यासाठी बाहेर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही नाही. आपण ज्या रिंगखाली उभे राहतो तिची उंची आजही 10 फूटच आहे. दुसऱ्याच्या अंगाला धक्का लागू नये, या काळजीतून या खेळाचा आकार ठरला. आपले सहा पानी नियम त्याच काळजीतून आले आहेत.

आता त्या सहा पानांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग सांगते. त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावात मी अशीच मदतनीस होते. सराव संपल्यावर तिथले एक प्रशिक्षक लांबच्या मुलींना गाडीवरून घरी सोडायचे. एके संध्याकाळी एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, मी चालत जाऊ काय?" मी म्हणाले, "अगं, अंधार पडलाय. सर सोडतात की, जा." ती गेली. पंधरा दिवसांनी तिनं खेळ सोडला. तिला चालत का जायचं होतं, हे मी तिला विचारलंच नाही. सर चांगले आहेत, फुकट वेळ देतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या संध्याकाळची आठवण ठेवून हा नियम मी स्वतः लिहिला आहे. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत किंवा मुलीसोबत एकटा राहणार नाही. कोर्टावर, खोलीत, गाडीवर, कुठेच नाही. सरावाला दोन मोठी माणसं हवीत, दुसरं माणूस आलं नाही तर त्या दिवशी सराव नाही. शेवटचं मूल घरच्यांच्या ताब्यात जाईपर्यंत दोघंही थांबतील. वडाप, म्हणजे माणशी भाड्याची गाडी, चुकली, पाऊस लागला, उशीर झाला, तरी दोघंही थांबतील. मुलींचा संघ गावाबाहेर गेला तर सोबत बाई स्वयंसेवक असलीच पाहिजे. मुलांना मोबाईलवर खासगी निरोप पाठवायचा नाही. जे सांगायचं ते पालक असलेल्या गटावर. यात कुणावर संशय नाही. हा नियम मलाही लागू आहे, आणि माझ्यावर उद्या कुणी खोटा आरोप केला तर मला वाचवणाराही हाच नियम आहे.

तक्रार आली तर काय? आपल्याकडे पहिली धाव समितीतल्या वडीलधाऱ्यांकडे असते. "आधी आपसात बघू, मुलीची बदनामी नको, क्लबचं नाव जाईल." हे चालणार नाही, कायद्यानंही चालत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळेल, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाला पाठीशी घालून गप्प बसला, तर कैद एक वर्षापर्यंत जाऊ शकते. म्हणून समितीनं चौकशी करायची नाही, मुलाला चारचौघांत उभं करून पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. ऐकायचं, विश्वास ठेवायचा, कळवायचं. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आपल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावला आहे, मुलांना तो तोंडपाठ करून घ्या.

शिक्षेबद्दल थोडं. मारायचं नाही. दंड-बैठका आणि कोर्टाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून द्यायच्या नाहीत. पळणं हा आपला सराव आहे. त्याचीच शिक्षा केली तर मूल पळण्याचाच राग धरतं. शिस्त मोडली तर दहा मिनिटं बाकावर, आणि नंतर बाजूला घेऊन दोन शब्द. "आम्हाला नाही का मारलं, आम्ही घडलोच की," असं म्हणणारे आहेत. माझं त्यांना एकच विचारणं आहे, तुमच्याबरोबरचे किती जण खेळ सोडून गेले, ते आठवतं का?

पालकांनो, आता तुमच्याकडे येते. सामना चालू असताना काठावरून तुम्ही "टाक! टाक!" ओरडता, तेव्हा आतल्या पोराला प्रशिक्षकाचा आवाज, तुमचा आवाज आणि साथीदाराची हाक, तिन्ही एकदम ऐकू येतात, आणि ते गोंधळून चेंडू घालवतं. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, समोरच्या संघालाही वाजवा. सूचना देऊ नका. पंच म्हणून बऱ्याचदा आपलीच अकरावी-बारावीची मुलं उभी असतात. त्यांना शिव्या घातल्या तर पुढच्या वर्षी शिट्टी हातात घ्यायला कुणी येणार नाही. आणि हरून घरी जाताना गाडीत सामन्याचा हिशेब मांडू नका. त्याला भूक लागलेली असते.

भाषेबद्दल. आपण कुठे राहतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. सीमाप्रश्नापायी घरोघरी काय सोसलंय, तेही मला सांगायला नको. मी मराठी आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण आपल्या कोर्टावर मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी मुलं एकाच रिंगखाली उडी मारतात. भाषेवरून किंवा जातीवरून कुणी कुणाला बोललं तर तो धक्का मारण्याइतकाच मोठा फाऊल समजला जाईल. नियम मराठी आणि कन्नड दोन्हींत छापले आहेत. चेंडूला दोन्ही भाषांत चेंडूच म्हणतात, हे मला मुलांनीच दाखवून दिलं.

सुरक्षिततेचे नियम वाचा, मी दोनच सांगते. उन्हाळ्याच्या शेवटी वळीव येतो. गडगडाट ऐकू आला की लोखंडी खांबापासून सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर यायचं नाही. जूनपासून सिमेंटवर शेवाळ धरतं, तेव्हा ओल्या कोर्टावर खेळ नाही. तो निर्णय त्या वेळी हजर असलेल्या स्वयंसेवकाचा, मला फोन करून विचारायची गरज नाही. दुसरं, डोक्याला मार लागला आणि मूल गुंगल्यासारखं वाटलं, तर ते "मी बरा आहे" म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळणार नाही, डॉक्टरकडे जाईल. अंतिम सामना असला तरी.

वयाचा मूळ दाखला सगळ्यांनी दाखवायचा. एक वर्ष लपवून मिळालेलं पदक आम्हाला नको. पैशाच्या प्रत्येक व्यवहारावर दोन सह्या, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब फलकावर. बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात खेळायला मिळेल, मग आपण हरलो तरी चालेल.

फॉर्म मागच्या टेबलावर आहेत. त्यावर तीन सह्यांची जागा आहे. एक पालकाची, एक स्वयंसेवकाची, आणि एक मुलाची. मुलांना सही करण्याआधी वाचायला द्या. परवा एका सातवीतल्या मुलीनं कच्चा कागद वाचून विचारलं, "पंचांशी हुज्जत घालू नये, हे खेळाडूंच्याच पानावर का? बाबा पण घालतात की." त्याच संध्याकाळी ते वाक्य आम्ही पालकांच्या पानावरही घातलं. चौथ्या ओळीत आहे.