जागी आई

(दृश्य: महाद्वार रोड, रात्रीची वेळ. दुकानांची शटरं खाली येत आहेत. लांबून घंटेचा आवाज.)

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले की कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरची शटरं एकेक करून खाली यायला लागतात. फुलवाल्या मावश्या उरलेले गजरे ओल्या फडक्यात गुंडाळतात. चप्पल स्टँडवरच्या जोड्या विरळ होतात. बाजाराचा दिवस संपला, पण अंबाबाईच्या देवळात एक काम अजून शिल्लक आहे. शेजारतीचं.

शुक्रवार असला तर आधी पालखी निघते आणि देवळाला प्रदक्षिणा घालून येते. मग गाभाऱ्यात शेजारती होते आणि देवीला निजवलं जातं. एरवी जिच्याकडे आपण मुलाच्या नोकरीचं, मुलीच्या लग्नाचं, आजारपणाचं गाऱ्हाणं घेऊन जातो, तिला दिवसाच्या शेवटी आपणच म्हणतो, आई, दमलीस, आता पड जरा. रोज शेजारतीला येणारी माणसं या शहरात आहेत. त्यातली बरीचशी काही मागायला आलेली नसतात. आरती संपली की हात जोडतात, उंबऱ्याला कपाळ टेकवतात आणि घराकडे वळतात. त्यांच्या चालण्यातला सैलपणा बघण्यासारखा असतो. मला वाटतं, ज्याला रात्री देवाचा आधार हवा आहे त्यानं सुरुवात इथून करावी. मागण्याच्या आधी, देवासाठी काहीतरी करण्यापासून.

पण दरवाजे बंद होतात. पहाटे पुन्हा घंटा वाजेपर्यंतचे तास मोठे आहेत. ज्याची रात्र सरत नाही, त्यानं त्या वेळात कुठं जायचं?

(दृश्य: गरुड मंडप, मावळतीचं ऊन. किरणोत्सवाची चित्रं.)

अंबाबाईची मूर्ती पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. आपल्याकडे बहुतेक देव पूर्वाभिमुख असतात, उगवतीकडे बघणारे. ही आई मावळतीकडे बघते. 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात, चरणांपासून वर चढत चेहऱ्यापर्यंत पोचतात आणि विरतात. किरणोत्सव म्हणून आपण तो गर्दी करून बघतो, टाळ्या वाजवतो. त्यातली एक गोष्ट मात्र बोलली जात नाही. दिवस ज्या दिशेला मावळतो, त्या दिशेला तोंड करून देवी उभी आहे. येणारी प्रत्येक रात्र ती समोरून बघते.

(दृश्य: भाऊसिंगजी रोड. सीपीआरचं आवार. माणसं ओळीनं झोपलेली, काही बसलेली. चेहरे दाखवू नयेत.)

देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. सगळं कोल्हापूर त्याला सीपीआर म्हणतं. गगनबावडा, चंदगड, शाहूवाडी, राधानगरी, इतकंच काय, घाट चढून कोकणातूनही पेशंट इथं येतात. पेशंट आत, आणि बरोबर आलेली माणसं बाहेर. चटई, शाल, स्टीलचा डबा, औषधांच्या चिठ्ठ्यांची प्लॅस्टिकची पिशवी. मोबाईलच्या स्क्रीनवर जोतिबा, नाहीतर आदमापूरचे बाळूमामा. कपाळावर सकाळी लावलेला भंडारा रात्रीपर्यंत पुसट झालेला.

रात्री अकरापर्यंत इथं बोलणी चालू असतात. कुठल्या गावचे, काय झालंय, कुणाच्या ओळखीचं कोण आहे. एकच्या पुढं बोलणं थांबतं, आणि खरी रात्र तिथून सुरू होते. दोन ते चारच्या दरम्यान माणसाला जे वाटतं, त्याला शरीराचंही कारण आहे. पहाटेच्या आधी शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं आणि सावधपणा तळाला गेलेला असतो. दिवसा जी काळजी पेलता येते, तीच त्या वेळी पेलवत नाही. तेव्हा रात्री तीनला भीती वाटली म्हणून कुणी स्वतःला कच्च्या मनाचं समजू नये. आपला विश्वास कमी पडला असंही समजू नये.

या आवारात कुणी मोठी पूजा मांडत नाही. पोथी सोडायला जागा नाही आणि मन ठिकाणावर नाही. ओठ हलतात, बोटांच्या पेरांवर नाम मोजलं जातं, मधेच तुटतं, पुन्हा सुरू होतं. आणि एक वाक्य इथं ऐकू येतं, जे कुठल्याही वॉर्डाबाहेर, कुठल्याही रात्री ऐकू येईल. शेजारच्या चटईवरचा अनोळखी माणूस म्हणतो, “तुम्ही पडा जरा, मी जागा हाय. नाव पुकारलं तर उठवतो.”

ओळख नाही, पाळख नाही. गाव वेगळं, जात वेगळी, कधी धर्मही वेगळा. पण त्या एका वाक्यावर दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेला माणूस आडवा होतो आणि पाच मिनिटांत घोरायला लागतो. काय बदललं? आजार तिथंच आहे. बिल तिथंच आहे. कुणीतरी जागं आहे, एवढंच त्याला कळलंय.

हा माहितीपट करताना आम्ही रात्रीतला देव शोधत होतो. माझ्यापुरतं उत्तर मला या वाक्यात मिळालं.

(दृश्य: वाइल्डर मेमोरियल चर्च. बाहेरून, दिव्यांच्या उजेडात.)

1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च शहरात आजही उभं आहे. इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी रात्री निजण्याआधी बायबलमधली स्तोत्रं वाचायची रीत जुनी. त्यातलं 121वं स्तोत्र यरुशलेमेची चढण चढणाऱ्या यात्रेकरूंचं. ते म्हणतं ते असं, की तुझी राखण करणारा झोपत नाही, त्याला डुलकीही येत नाही. आणि 130व्या स्तोत्रात खोल गर्तेतून हाक मारणारा माणूस सांगतो, की पहारेकरी पहाटेची जेवढी वाट बघतो, त्याहून जास्त माझा जीव देवाची वाट बघतो. ज्यानं रात्रपाळी केली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

बायबलमध्ये रात्रीचे प्रसंग तरी किती. घर सोडून निघालेला याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, आणि तिथंच देव त्याला सांगतो की मी तुझ्याबरोबर आहे. फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात अडकलेले पौल आणि सीला मध्यरात्री देवाची गाणी म्हणतात. त्या गोष्टीतला एक तपशील मला फार जवळचा वाटतो. बाकीचे कैदी ते ऐकत होते, असं तिथं मुद्दाम लिहिलंय. गाणारे दोघं, पण त्या अंधाराचा भार सगळ्यांचाच हलका झाला असणार.

आता कुणी विचारेल, एकाचा देव झोपतच नाही आणि आपण तर देवीला रोज निजवतो. मग खरं काय? मला यात भांडण दिसत नाही. आई झोपलेली असते, आणि पोरानं नुसती कूस बदलली तरी तिचा हात आपोआप त्याच्या अंगावर जातो. शेजारती करून घरी जाणाऱ्या कुठल्याही म्हातारीला विचारा, देवी रात्री ऐकते का म्हणून. प्रश्नच तिला कळणार नाही.

मुसलमान घरांत रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागाला असाच मान आहे. तहज्जुदची नमाज त्या वेळची. देव तेव्हा सगळ्यात जवळच्या आभाळात उतरतो आणि मला हाक मारणारा कुणी आहे का असं विचारतो, अशी त्यांची श्रद्धा. आपल्याकडे तोच काळ ब्राह्ममुहूर्ताकडे झुकणारा, जात्यावर ओव्या म्हणण्याचा. जनाबाईला दळू लागायला विठ्ठल आला, तो याच सुमाराला.

(दृश्य: उसाचं शिवार. पूर्ण काळोख. बॅटरीचा एकच झोत, पाटातलं वाहतं पाणी.)

शहर सोडून करवीर, कागल, शिरोळ कुठल्याही बाजूला निघालं की ऊस लागतो. शेतीच्या मोटारीला थ्री-फेज लाईट बऱ्याच ठिकाणी पाळीपाळीनं येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी, खोरं आणि काठी घेऊन घर सोडतो. एका सरीचं पाणी पुरं झालं की दारं मोडून, म्हणजे मातीचा बांध फोडून, पुढच्या सरीत सोडायचं. डोक्याच्या वर गेलेला ऊस, पायाखाली चिखल, पाल्यात सळसळलं तर ती वाऱ्याची की जनावराची हे कळायला मार्ग नाही. गावाकडं सापाचं नाव रात्री घेत नाहीत, जनावरच म्हणतात.

स्टार्टरचं बटण दाबण्याआधी आपसूक शब्द येतात, “जोतिबाच्या नावानं चांगभलं.” हे शब्द तो दिवसाही म्हणतो. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात तेव्हा गुलालाच्या ढगात लाखो माणसं हेच शब्द ओरडतात. पण मध्यरात्री, एकट्यानं, हळू आवाजात म्हटलेलं चांगभलं वेगळं असतं. त्यात जत्रा नसते. ऐकायला कुणी आहे याची खात्री असल्याशिवाय माणूस असा बोलत नाही. शेजारच्या शिवारातून दुसऱ्या बॅटरीचा झोत दोनदा हलतो. तोही जागा आहे.

(दृश्य: कपिलतीर्थ परिसर. अरुंद गल्ली, जुन्या घराचं दार.)

देवीलाही रात्रीसारखाच एक काळ काढावा लागला. धामधुमीच्या दिवसांत मूर्तीला धोका होता, तेव्हा ती देवळातून हलवून कपिलतीर्थाजवळ एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, असं सांगतात. पुढं 1715 च्या विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. या इतिहासात छत्रपतींचं नाव येतं, सरदारांचं येतं. मला मात्र त्या घरातली माणसं आठवतात. माजघरात कुठंतरी आई आहे, आणि दाराबाहेर कुणाला कळता कामा नये. दिवा लावायचा तर उजेड बाहेर जाता कामा नये. आरती मनातल्या मनात. ज्यांच्या घरी आज देवघराला वेगळी खोली नाही, ज्यांना घरात मोठ्यानं नाव घ्यायचीही सोय नाही, त्यांनी त्या घराची आठवण ठेवावी.

(दृश्य: पंचगंगा, राजाराम बंधारा. पावसाळा. मग नृसिंहवाडी, पाण्यात बुडालेलं दत्तमंदिर.)

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैमध्ये 56 फुटांच्याही वर. आंबेवाडी, चिखली, शिरोळ तालुक्यातली गावं, या सगळ्यांना त्या रात्री पाठ आहेत. लाईट नाही, फोन बंद, माडीवर माणसं आणि खाली अंगणात पाणी. भिंतीवर कोळशानं रेघ मारायची आणि थोड्या वेळानं बघायचं, रेघ दिसते का बुडाली.

याच जिल्ह्यात नृसिंहवाडीला नदी देवळात शिरते. उत्तरेच्या दारानं येते, दत्तमहाराजांच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला माणसं गर्दी करतात. पुरानं ज्यांचं घर गेलं त्यांच्यापुढं या सोहळ्याचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही. एवढं मात्र खरं, की वाडीच्या माणसांचा देव पाण्याच्या वर कोरडा बसलेला नाही. तोही पाण्यात आहे.

एक गोष्ट साधेपणानं सांगायला हवी. काही रात्री काहीच जाणवत नाही. नाम घेतलं तरी शब्द कोरडे, देव नाही, शांतता नाही, फक्त पंख्याचा आवाज. मोठमोठ्या संतांनीही असा काळ सोसला आहे. अशा वेळी लहानसं काहीतरी धरावं. एक नाव, एक ओळ, नाहीतर जवळच्या माणसाला लावलेला एक फोन. आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, मन काळवंडून गेलं असेल, तर डॉक्टरांकडे जावं. औषधाचं आणि देवाच्या नावाचं कसलंही वैर नाही.

(दृश्य: अष्टमीची रात्र. रांगोळ्या, रोषणाई, बँड, फुलांनी सजलेलं वाहन.)

नवरात्रातल्या अष्टमीला रात्री अंबाबाई देऊळ सोडून बाहेर येते. नगरप्रदक्षिणेला. महाद्वारातून वाहन निघतं, गुजरीतून पुढं जाताना पायाखाली रांगोळ्या आणि वरून फुलं, भवानी मंडपात तुळजाभवानीची भेट होते. लहान पोरं बापाच्या खांद्यावर टक्क जागी. वाटेवरच्या घरांतल्या ज्या म्हाताऱ्यांना आता देवळाच्या रांगेत उभं राहवत नाही, त्यांना खुर्चीत बसवून गॅलरीत आणतात, दाराशी आणतात. वर्षभर ज्यांनी तिच्याकडे जायचं, त्यांच्या उंबऱ्यापुढं ती येते, आणि येते ती रात्री. तुमच्या घरात असं कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर या अष्टमीला खुर्ची आधीच रस्त्याच्या बाजूला लावून ठेवा. वाहन फार वेळ थांबत नाही.