कार होती की ट्रक?

(काळा पडदा. क्षणभर एक चित्र चमकतं आणि विझतं.)

मधोमध काय होतं, कार की ट्रक? आणि त्याच वेळी कडेला आणखी एक गाडी चमकून गेली. ती कोणत्या बाजूला होती?

उत्तर बरोबर आलं, की पुढचं चित्र आणखी कमी वेळ दिसतं. चुकलं, तर नजरेला थोडा जास्त वेळ मिळतो. जमतंय म्हणताच पुन्हा घाई. मेंदूचा हा व्यायाम एवढाच, पण त्याच्यामागे वीस वर्षांची नोंद आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेत ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाचा अभ्यास सुरू झाला. बर्मिंगहॅम, बॉस्टन, डेट्रॉइट धरून सहा केंद्रं, आणि पासष्टीच्या पुढचे २,८०२ स्त्री-पुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. एका गटाला लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्याला आकड्या-अक्षरांच्या मालिकेतला क्रम ओळखायला लावलं. तिसऱ्याच्या वाट्याला ही कार आणि हा ट्रक आला. चौथ्याला काहीच शिकवलं नाही. तासा-सव्वा तासाची दहा सत्रं, पाच-सहा आठवड्यांत संपली. काही जणांना अकरा महिन्यांनी आणि पुन्हा पस्तीस महिन्यांनी उजळणीला बोलावलं.

दहा वर्षांनी पाहिलं, तर स्मरणाच्या युक्त्यांचा लाभ ओसरला होता. क्रम ओळखणाऱ्यांचा आणि नजरेच्या वेगाचा सराव केलेल्यांचा टिकून होता.

(वृद्ध हात, टचस्क्रीनवर बोट.)

मग २०२६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांचा हिशेब आला. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींतून स्मृतिभ्रंशाचं निदान कुणाकुणाचं झालं, ते तपासलं. कार-ट्रकचा सराव करून उजळणीलाही आलेल्यांमध्ये ते प्रमाण, काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत, सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी होतं. उजळणी न मिळालेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. बाकीच्या दोन गटांतही नाही.

हे असं का व्हावं? युक्ती ही आठवून वापरायची गोष्ट. ती आठवली नाही, की संपलं. वेग मात्र अंगवळणी पडतो, सायकलसारखा. अभ्यासकांचा अंदाज याच दिशेचा आहे, आणि मला तो पटतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. उजळणीसाठी निवड झाली ती पहिली सत्रं नेटानं पूर्ण करणाऱ्यांमधूनच. आणि हा आकडा एकाच अभ्यासाचा आहे.

मेंदूचा प्रत्येक ऑनलाइन खेळ असा फळतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१० साली ब्रिटनमध्ये ११,४३० जणांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. त्या त्या खेळात हात बसला, पण त्यापलीकडच्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. २०१६ मध्ये मेंदूचे असे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीला पुराव्याविना केलेल्या जाहिरातींपायी वीस लाख डॉलर भरावे लागले.

(स्वयंपाकघराचं टेबल, चष्मा, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.)

रोजचं शब्दकोडं सोडू नका. त्यातला आनंद खरा आहे. पण तीस वर्षं तेच कोडं सोडवणाऱ्याला ते सोपं झालेलं असतं, आणि छापील कोडं काही तुमच्या वेगाप्रमाणे अवघड होत जात नाही. कार-ट्रकचा व्यायाम मात्र अवघड होत जातो. ‘ब्रेनएचक्यू’ या संकेतस्थळावर त्याची आजची आवृत्ती ‘डबल डिसिजन’ नावानं आहे.

आपल्याकडच्या आजी-आजोबांसाठी यात एक सोय आहे. सूचना इंग्रजीत, पण प्रत्यक्ष व्यायामात वाचायचं जवळजवळ काही नाही. फक्त चित्रं. पहिले दोन-तीन दिवस नातवंडानं शेजारी बसावं, काय करायचं ते मराठीत सांगावं, आणि मग चुकू द्यावं. मध्येच उत्तर सांगू नये. चुकल्यावर पुढचं चित्र आपोआप थोडं जास्त थांबतं, तेवढा वेळ पुरतो.

दहा सत्रं झाली, की त्या दिवसापासून अकरा महिने मोजायचे. बहुतेक ती तारीख पुढच्या वर्षात जाईल. तेव्हा नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं, की पहिल्याच दिवशी त्या चौकटीत पेननं लिहून ठेवायचं: उजळणी.