मान लचकते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीहून म्हापशाकडे जाताना पुढची गाडी थांबते, आपण ब्रेक दाबतो आणि मागची गाडी आपल्यावर आदळते. धड आसनासह पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागेच राहते आणि मग हिसका बसून पुढे येते. सुमारे ५ किलो वजनाचे डोके मानेच्या ७ मणक्यांवर तोलून धरणारे अस्थिबंध (हाडांना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे) आणि स्नायू या हिसक्यात ताणले जातात. त्या वेळी माणूस मान हलवून पाहतो, काही झाले नाही म्हणून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून डोके उचलवत नाही. सूज चढायला आणि स्नायू आखडायला काही तास लागतात, त्यामुळे उशिरा आलेले दुखणे खोटे मानू नये.

अशा वेळी अनेकजण आधी एक्स-रेचा आग्रह धरतात. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, ताणलेला अस्थिबंध दिसत नाही. म्हणून तो स्वच्छ आला तरी रुग्णाचे दुखणे खरेच असते. निदानाचा मोठा भाग रुग्णाच्या सांगण्यात आणि डॉक्टरांच्या बोटांत असतो, असे माझे ठाम मत आहे. हिसका कोणत्या दिशेने बसला, दुखणे केव्हा सुरू झाले, ते खांद्यापाशी थांबते की बोटांपर्यंत उतरते, हे नेमके सांगावे. वय ६५ किंवा अधिक असेल, स्कूटरवरून जोरात पडणे झाले असेल, मणक्याच्या मधोमध दाबल्यावर दुखत असेल, किंवा हातापायांत मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा असेल, तर मात्र हाडाची तपासणी टाळू नये. अपघातस्थळीच अशी लक्षणे दिसली तर मान न हलवता १०८ ला फोन करावा.

एक कळकळीची विनंती आहे. नस चढली म्हणून केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. गंभीर इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवू नये, कारण त्याने स्नायू दुबळे होतात. सोसेल तेवढी मान पहिल्या दिवसांपासून हळूहळू वळवत राहावी. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. तेवढ्यात न पडल्यास, किंवा दुखणे हातात उतरू लागल्यास, पुन्हा तपासून घ्यावे. नसेवर दाब आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय त्या वेळी उपयोगी पडतो.