शरणपूर रोडवर घर मिळेल का?

(नाशिकमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, आधी माफी मागून घेतो. माझा मोबाइल चालू आहे. एका घरमालकाचा फोन यायचाय, आला तर उचलावा लागेल.

मी वक्ता नाही. 22 वर्षं या शहरात घरं भाड्याने लावून देतो. लोक तोंडावर एजंट म्हणतात, पाठीमागे दलाल. दोन्ही चालतं. आयोजकांनी विषय सांगितला, 'अल्पसंख्याकांचे समान हक्क'. म्हटलं, यावर एखादे प्राध्यापक बोलवा. ते म्हणाले, प्राध्यापक मागच्या वर्षी झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. तुम्ही या, तुमच्याकडे डायरी आहे.

तर ही डायरी. दर फ्लॅटला एक ओळ. एरिया, मजला, भाडं, डिपॉझिट, पार्किंग, आणि कोपऱ्यात एक खूण. 'फॅ' म्हणजे फक्त फॅमिली, बॅचलर नको. 'व्हे' म्हणजे व्हेज. तुम्हाला वाटेल, हा स्वयंपाकघराचा प्रश्न. काही घरांत तो असतोही, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या धंद्यात निम्म्या वेळा त्या 'व्हे'चा गॅसच्या शेगडीशी संबंध नसतो. मालक म्हणतो, "जरा व्हेज लोक बघा." आणि लगेच, "नाव काय पार्टीचं? नाही नाही, पूर्ण नाव." माझ्या घरी दर रविवारी मटण शिजतं. मी स्वतः तीन वेळा भाड्याने राहिलो. व्हेज आहात का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आडनाव सांगितलं की तो प्रश्न संपतो.

तिसरी खूण म्हणजे नुसतं टिंब. त्याचा अर्थ मी घरीसुद्धा सांगितला नव्हता. टिंब म्हणजे मुसलमान नको. बऱ्याच ठिकाणी बौद्ध नको, ख्रिस्ती नको, आणि तृतीयपंथी असेल तर फोनच करू नका. कुणी कारण विचारलं तर सांगायचं, "सोसायटीचा नियम आहे."

2019 च्या डायरीत एक ओळ आहे. टू बीएचके, दुसरा मजला, टिंब. बघायला नवरा-बायको आले होते. ती नर्स, तो एका कारखान्यात सुपरवायझर. मुलीची शाळा जवळ पडत होती. बाल्कनी बघून दोघं खूश. मी जिन्यात जाऊन मालकाला फोन लावला. नाव ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मालेगावचे का?" म्हटलं, नाही, इथलेच, तीन पिढ्या नाशिकच्या. ते म्हणाले, "आमचं काही नाही हो. पण वरच्या मजल्यावरचे लोक जरा जुन्या वळणाचे आहेत."

मी परत वर गेलो. काय सांगायचं ते जिन्यात ठरवत होतो. माझं तोंड बघून तीच म्हणाली, "फ्लॅट गेला का?" मी म्हटलं, "हो, आत्ताच टोकन आलं." ती म्हणाली, "असू दे भाऊ, तुम्ही तरी काय करणार." खोटं मी बोलत होतो आणि सांभाळून ती घेत होती. तिने हे किती घरांच्या जिन्यात केलं असेल?

पुढची गंमत ऐका. वर्षभराने वरच्या मजल्यावरच्या त्याच जुन्या वळणाच्या लोकांचा फ्लॅट माझ्याकडे भाड्याला आला. ते म्हणाले, "आम्हाला कुणीही चालेल, पण खालच्यांना चालणार नाही." 22 वर्षांत 'मला नको' असं सरळ म्हणणारे दोन-चारच भेटले. बाकी सगळ्यांच्या वतीने दुसऱ्याच कुणाला तरी नको असतं. तो दुसरा माणूस मी शोधतोय, अजून सापडलेला नाही.

आता तो फ्लॅट कुठे होता? शरणपूर रोडला. तुम्ही या रस्त्याने रोज जाता, कधी नावाचा विचार केलाय? शरण आलेल्यांचं पूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वस्ती उभी केली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रजी आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची, आणि त्यांतली पुष्कळ इथे शरणपूरला आणली गेली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. बाहेरच्या जगात त्यांना नावच पडलं, 'नासिक बॉइज'. त्यांतला एक जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारा प्रसिद्ध मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेच्या आत कुठेतरी वारला, तेव्हा त्याचं शव समुद्रापर्यंत महिनोन्‌महिने वाहून आणणाऱ्यांत जेकब होता. 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तिथे शवपेटीच्या मानकऱ्यांतही आपला हा नाशिकचा पोरगा होता. मिशनऱ्यांना धर्मांतर करायचं होतंच, त्यांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. पण भाषा वेगळी, रंग वेगळा, आईबापाचा पत्ता नाही, अशी पोरं या गावात राहून गेली. त्याच रस्त्यावर आज तीन पिढ्यांच्या नाशिककर नर्सला घर मिळत नाही, आणि मी तिथला भाव चौरस फुटावर सांगतो.

काळाराम मंदिराचं तुम्हाला वेगळं काय सांगू? 2 मार्च 1930 ही तारीख इथल्या पोरांनाही पाठ असते. बाबासाहेबांनी सुरू केलेला, दादासाहेब गायकवाडांनी गावात राहून लढवलेला सत्याग्रह. दरवाजे बंद, रामनवमीच्या रथावरून दगडफेक, आणि हे सगळं पाच वर्षं. मग 13 ऑक्टोबर 1935 ला, इथून दोन तासांवर येवल्यात, 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा. बाबासाहेबांनी 1934 मध्ये दादासाहेबांना लिहिलं होतं की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती, आपण कोणत्या अवस्थेत आहोत याची त्यांना जाग यावी म्हणून होती. दार उघडावं हा हट्ट होताच. पण दार बंद करणारा हात सगळ्यांना दिसावा, हे त्याहून महत्त्वाचं होतं. मी तर उलटा धंदा केला. हात दिसू नये याची दलाली घेतली.

मला मात्र महाडची एक बारीक गोष्ट जास्त लागते. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्याला कुणाला हात लावता आला नाही. बोल्यांचा ठराव कागदावर होता, अंमलात नव्हता. आमच्या सोसायट्यांचा नियम अंमलात आहे, पण कागदावर नाही.

कागदावर खरंच नाही, हे मलाही फार उशिरा कळलं. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, काढून बघा. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती द्यायची, झालं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, तेसुद्धा सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे फ्लॅट विकत घेणाऱ्या पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते.

पण कायदा सगळीकडे पोचतो असंही नाही. संविधानाचं कलम 15 वाचा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते, एवढंच काय, स्नानाचे घाटसुद्धा त्यात नाव घेऊन आहेत. आपला रामकुंड त्यात आला. माझ्या मालकाचा टू बीएचके आला नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. आता कुणीतरी म्हणणार, "बघा, अल्पसंख्याकसुद्धा तेच करतात." करतात. संख्येने मूठभर उरलेली माणसं एका अंगणात राहू बघतात, ते मला समजतं, पटतं असं नाही. पण त्यांनी नाही म्हटलं तर मला नाशिकभर घरं पडली आहेत. आपण सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, तर त्या नर्सला कुठे जागा उरते? जुन्या नाशकात नाहीतर वडाळ्यात, जिथे आधीच दाटी आहे. मग आपणच म्हणतो, "ते लोक आपल्यात मिसळतच नाहीत."

करायचं काय, हे मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दाखवलं. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, तोंडाने जरा फटकळ. सोसायटीची वार्षिक सभा. ऐनवेळचे विषय निघाले आणि सेक्रेटरी म्हणाले, "पुढे भाडेकरू ठेवताना जरा आपल्यातले बघून ठेवावेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तिथेच होतो, एका मालकाच्या वतीने, मीही डोलावली. हे गृहस्थ उठले. भाषण नाही, संविधान नाही. म्हणाले, "प्रोसिडिंगमध्ये घ्या. शब्दशः घ्या. आपल्यातले म्हणजे कोण, ते लिहा. कोण नको, का नको, तेही लिहा. सूचक कोण, अनुमोदक कोण, खाली सह्या करा. सगळ्यात शेवटी माझा विरोध लिहा."

सेक्रेटरींनी पेन उघडलं, बंद केलं. सूचक मिळेना. कुणीतरी म्हणालं, "अहो, एवढं कुठे मनावर घेता." विषय पाण्याच्या टाकीवर गेला. तिथे आज एक ख्रिस्ती कुटुंब राहतं, तळमजल्यावर. सोसायटी सुधारली असं मी म्हणत नाही. त्या गृहस्थांशी दोन-तीन घरं अजून बोलत नाहीत, आणि त्यांच्या गाडीचा आरसा एकदा फुटला, कुणी फोडला ते कळलं नाही. पण सह्या करायला कुणी पुढे आलं नाही, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

तेव्हापासून टिंब बंद केलं. मालकाने 'नको' म्हटलं तर विचारतो, "पार्टीला काय सांगू? तुमचं नाव घेऊन सांगू ना?" काही चिडतात, दुसरा एजंट बघतात. गेल्या वर्षी अशी सात घरं हातची गेली. बायको म्हणते, म्हातारपणी बरी सुचली. तिचं चूक नाही. 15 वर्षं टिंबावर घर चाललं, त्यातून पोरांची शिक्षणं झाली, ते काही परत देता येत नाही. ती नर्स पुढे कुठे राहायला गेली, तेही मी कधी विचारलं नाही. नंबर आहे माझ्याकडे.

आज सकाळी गंगापूर रोडचा एक फ्लॅट आला. दुपारी मालकांना पार्टीचं पूर्ण नाव सांगितलं, त्यांनी विचारायच्या आत. ते थोडं थांबले, म्हणाले, "घरात बोलून सांगतो." म्हटलं, आज सांगा, ते लोक वाट बघताहेत. साडेसहापर्यंत कळवतो म्हणाले होते. आता सात वाजून दहा मिनिटं झाली. तोवर प्रश्न असतील तर विचारा.