दिवसाची वीज आणि गायरानातली पायवाट

रात्रीचा एक वाजला आहे. थ्री फेज लाईट नुकतीच आली असून मोटार सुरू करून शेतकरी गव्हाला पाणी द्यायला उतरला आहे. एक वाफा भरला की फावड्याने दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्याला लावायचे, असे उजाडेपर्यंत चालणार. बॅटरीचा झोत मात्र पाण्यापेक्षा बांधावरच जास्त फिरतो, कारण भीती सापाची असते आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याचीही. कृषी वाहिन्यांना, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या तारांना, आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री वीज, हे चक्र महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आले.

ते मोडण्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तेथून निघणाऱ्या कृषी वाहिन्यांना द्यायची, अशी तिची रचना आहे. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला. त्याची क्षमता 3 मेगावॅट आहे.

पंपधारक शेतकऱ्याचा लाभ उघड आहे. महावितरणला ही वीज 25 वर्षांच्या कराराने युनिटमागे सुमारे 3 रुपयांत मिळते, आणि शेतीच्या सवलतीचा भार आजवर ज्यांच्या वीजदरावर पडत आला, त्या कारखानदारांचेही या योजनेकडे बारीक लक्ष आहे. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. कोरडवाहू माळाच्या मालकाला एवढे उत्पन्न कोणत्याही पिकाने क्वचितच दिले असेल. ग्रामपंचायतीलाही अनुदान आहे.

या सर्वांकडे काही ना काही कागद आहे: सातबारा, ग्राहक क्रमांक, करारनामा किंवा ठराव. प्रश्न गायरानाचा आहे. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते आणि सरकारी जमीन नाममात्र भाड्याने सहज उपलब्ध होते, त्यामुळे प्रकल्पांची नजर आधी तिकडेच वळते. सरकारी दप्तरात ती जमीन मोकळी दिसते. प्रत्यक्षात तेथे भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या चरतात, मेंढपाळ मुक्काम करतात आणि कित्येक दलित व भटक्या कुटुंबांनी नावावर न झालेले तुकडे पिढ्यान्‌पिढ्या कसले आहेत. ग्रामसभेचा ठराव झाला तरी, ज्यांच्या नावे पंप नाही आणि सातबाराही नाही, त्यांचे त्या ठरावात नेमके काय नोंदले गेले, हे प्रत्येक गावात इतिवृत्त उघडून पाहावे लागते.

दुपारी बारा वाजता विहिरीवरची मोटार चालू आहे आणि सकाळीच उतरलेला शेतकरी पाणी देऊन घरी जेवायला निघाला आहे. थोड्याच अंतरावर पॅनेलभोवतीच्या तारेच्या कुंपणाला लागून शेळ्यांची नवी पायवाट पडली आहे. पूर्वी त्या माळ ओलांडून थेट ओढ्यावर जात असत, आता कुंपणाला वळसा घालून डांबरी रस्त्याने जातात.