दम अटकते राती

(पडद्यावर अंधार. फक्त घोरण्याचा आवाज. तो चढत जातो आणि एकदम थांबतो.)

हा आवाज माझा आहे. मागच्या मे महिन्यात, आमच्या अंगणात, रात्री दोनच्या सुमाराला चुलतभावानं मोबाईलवर घेतलेला.

ऐका. घोरणं थांबलंय. लांब कुठं तरी कुत्रं भुंकतंय. गोठ्यात गाय मान हलवते, घंटी वाजते. शेजारच्या बाजेवर आजी कूस बदलते. माझा मात्र श्वास नाही. पंधरा सेकंद. वीस. एकतीस. आणि मग विहिरीत बुडणाऱ्यानं डोकं वर काढावं तसा एक मोठा हुंदका, आणि घोरणं पुन्हा सुरू.

सकाळी मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, मस्त झोप लागली होती.

(दृश्य: हिवाळ्याची रात्र. हरभऱ्याच्या रानात बॅटरीचा उजेड.)

मी 26 वर्षांचा. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात आमची शेती. कापूस, तूर, सोयाबीन, पाणी असलं तर हरभरा. आमच्याकडे झोपेची तक्रार करायची रीत नाही. पंपाची लाईन रात्रीची आली की ओलीत रात्रीच करावं लागतं. रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, म्हणून जागलीला जावंच लागतं. गावातलं निम्मं तरुण पोरगं दुपारी पेंगताना दिसेल. पारावरची म्हातारी माणसं म्हणतात, "जागलीचं पोट्टं हाये, झोपन नाही तं काय करन!"

माझी पेंग त्या गर्दीत चार वर्षं लपून राहिली.

सकाळी उठलो की डोकं जड, तोंड सुकून लाकूड झालेलं. रात्रीतून तीनदा लघवीला उठायचो. घरच्यांना वाटलं, शुगर असेल. तपासली, शुगर नव्हती. जिनिंगवर कापसाची गाडी रांगेत लावली की स्टेअरिंगवरच डोळा लागायचा, मागच्यांचे हॉर्न वाजेपर्यंत. मुलगी पाहायला गेलो होतो, तिथं पोहे खाऊन बसल्या जागी झोपलो. ती सोयरीक तिथंच तुटली. आणि एका दुपारी आर्णीहून येताना मोटारसायकल सरळ बाभळीच्या काट्यांत गेली. ब्रेक दाबल्याचं आठवत नाही, कारण तेव्हा मी जागाच नव्हतो. समोरून ट्रक आला असता तर? ते मी अजूनही मायला सांगितलेलं नाही.

अंगात ताकत नाही म्हटलं की आमच्याकडे सलाईन लागते. मलाही लागली, तीन वेळा. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, इंजेक्शनं झाली. एकानं सांगितलं, रात्री थोडी घेत जा, गाढ झोप लागेल. मी घेतली. तेव्हा मला माहीत नव्हतं, की दारूनं आणि झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार असलेल्या माणसाची रात्र आणखी वाईट जाते.

खरी शंका आली ती एप्रिलात. रान मोकळं झालं होतं. जागल नाही, ओलीत नाही. नऊ-नऊ तास झोपलो, सलग पंधरा दिवस. तरी दुपारी बारा वाजता डोळे मिटत होते. झोप कमी पडली असती तर ती भरून निघायला हवी होती. माझी भरतच नव्हती, जणू खालून भोक पडलेल्या माठात पाणी ओतत होतो.

(दृश्य: अंगणात ओळीनं टाकलेल्या बाजा. आजीच्या उशाशी काठी.)

उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात झोपतो. आजी एका रात्री उठली आणि तिनं काठीनं माझ्या पायाला ढोसलं. सकाळी म्हणाली, "पोरा, तुया दम अटकते राती. मी मोजत रायतो, आता येन, मंग येन. एखांद्या दिवशी नाही आला तं?"

ती किती रात्री अशी जागी होती, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

(दृश्य: तालुक्याचं गाव. दवाखान्याची पायरी.)

मोबाईलमधला तो आवाज घेऊन मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याआधी एका ठिकाणी ऐकून घ्यावं लागलं होतं, "एवढ्याशा वयात कसला झोपेचा आजार? व्यायाम कर." या डॉक्टरांनी मात्र मोबाईल कानाला लावला, पूर्ण ऐकला, आणि पुन्हा एकदा लावला. मग तोंड उघडायला लावून घसा पाहिला. टॉन्सिल मोठे. खालचा जबडा जरा मागं. शिंप्याच्या टेपनं गळा मोजला, 41 सेंटिमीटर. रक्तदाब 150 वर 96. त्यांनी विचारलं, "शेतात मोटर आहे ना? सक्शनला चपटा पाईप लावतोस का?"

मी म्हटलं, "नाही जी. तो दबून जाईल. सक्शनला कडक पाईपच लागतो. चपटा चालतो तो डिलिव्हरीला."

"तुझा घसा म्हणजे सक्शनला लावलेला चपटा पाईप आहे," ते म्हणाले.

मला लगेच कळलं. घशाच्या त्या भागाला हाड नाही, तो स्नायूंच्या जोरावर उघडा राहतो. झोपेत स्नायू ढिले पडतात. श्वास ओढला की आतल्या ओढीनं तो चिकटतो. छाती ओढत राहते, हवा येत नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून माणसाला क्षणभर उठवतो, घसा उघडतो, आणि आपण पुन्हा झोपतो. ते उठणं इतकं थोडं असतं, की सकाळी आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. उताणं झोपलं की तो वाढतो. वजन जास्त असलं की धोका वाढतो, पण बारीक माणसालाही होतो, कारण जबड्याची ठेवण, टॉन्सिल, नाकातला अडथळा हीसुद्धा कारणं असतात. वर्षानुवर्षं असंच चाललं की रक्तदाब, हृदयविकार आणि लकव्याचा धोका वाढतो.

त्यांनी एक कागद भरायला दिला. आठ प्रसंग, प्रत्येकी शून्य ते तीन गुण. टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसलं असताना, तासभर गाडीत बसून जाताना झोप लागण्याची शक्यता किती? मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी 1991 साली तो तयार केला. दहाच्या वर गुण गेले की लक्ष द्यायचं. गर्दीत गाडी थांबली असताना झोप लागते का, असाही एक प्रश्न त्यात आहे. आमच्याकडे कुठली आली तसली गर्दी? मी जिनिंगची रांग डोळ्यांपुढं आणली आणि तीन लिहिले. बेरीज सतरा.

अशा दुसऱ्या एका प्रश्नावलीत वय पन्नासच्या वर आहे का, असं विचारतात. माझ्या वयाच्या पोरांना तिथं 'नाही' लिहावं लागतं. त्या एका 'नाही'वर कुणी घरी परत जाऊ नये. कागदानं निदान होत नाही, तपासणीनंच होतं.

(दृश्य: नागपूरचा रस्ता. मग रुग्णालयातली एक खोली, एकच खाट.)

तपासणीला नागपूरला जावं लागलं. मोठ्या रुग्णालयात छातीरोग विभागात किंवा कान-नाक-घसा विभागात विचारायचं, 'इथं झोपेची तपासणी होते का?' हा प्रश्न मला आधी कुणी शिकवला असता तर माझ्या दोन खेपा वाचल्या असत्या.

डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या. नाकाखाली बारीक नळी. छातीवर एक पट्टा, पोटावर एक. पायाला वायरी, बोटाला चिमटा. मला वाटलं, असं बांधल्यावर कोण झोपेल? दहा मिनिटांत झोपलो.

निकालात एक आकडा होता, 38. तासाला 38 वेळा माझा श्वास थांबला होता किंवा अडून बराच कमी झाला होता, आणि दर वेळी किमान दहा सेकंद. पाचच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. रक्तातला ऑक्सिजन 74 टक्क्यांपर्यंत उतरला होता. बाबांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ घडी घालत बसले. मला ते चार वर्षं आळशी म्हणत आले होते.

(दृश्य: उशाशी छोटी मशीन, नळी, मास्क.)

उपाय सोपा वाटतो, पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो. ही मशीन नाकावाटे सतत दाबानं हवा देते आणि घसा चिकटू देत नाही. सक्शनचा पाईप तिनं डिलिव्हरीचा केला, असं मी बाबांना समजावलं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून ती पहिल्यांदा बनवली आणि 1981 साली जगापुढं मांडली. किंमत मात्र हजारांत आहे. आमची तूर विकून ती आली. पहिले आठ दिवस मास्क झोपेत काढून फेकत होतो. नवव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा डोकं दुखत नव्हतं. मी बाजेवर तसाच बसून राहिलो, की दुखणं आता सुरू होईल. झालं नाही. टॉन्सिलचं काय करायचं, ते पुढच्या तपासणीत ठरेल. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे. जागल चुलतभाऊ करतो, मी त्याचं दिवसाचं काम घेतो.

घरात कुणी झोपेत घोरता घोरता गप्प होत असेल, हुंदका देऊन उठत असेल, पुरेसं झोपूनही पेंगत असेल, तर त्याला हसू नका. त्याला ते दिसत नाही, तुम्हाला दिसतं. मोबाईलवर दोन मिनिटं आवाज घ्या आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की झोपेत श्वास थांबतो. आणि पेंग येत असेल तोवर त्याला गाडी चालवू देऊ नका.

(दृश्य: रात्र. अंगण. दिवा जातो.)

परवा मध्यरात्री लाईन गेली. मशीन बंद पडली तशी मला जाग आली. अंधारात चाचपडत इन्व्हर्टरच्या बॅटरीला वायर जोडली. मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली.

बाजूच्या बाजेवरून आवाज आला, "लागली का रे?"

"लागली, आजी. झोप तू."