वहीत काय लिहून आलं

नमस्कार श्रोतेहो.

मी गावातल्या एका लहान, सरकारी प्रतवारीत 'क' वर्गात असलेल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी पाच ते आठ देवघेवीच्या टेबलापाशी बसते. रोजची वर्तमानपत्रं वाचायला पाच-सहा निवृत्त मंडळी येतात, दिवाळी अंकांच्या दिवसांत जरा वर्दळ असते, परीक्षा आल्या की मुलं अभ्यासाला बसतात. बाकी वर्षभर कपाटं आणि मी.

वर्षातून एकदा आमच्याकडे व्याख्यान व्हायचं. विषय कार्यकारी मंडळ ठरवायचं, वक्ते शहरातून यायचे. शाल, नारळ, सगळं रीतसर. समोर मात्र मंडळाचेच सदस्य आणि शाळेतून रांगेनं आणून बसवलेली मुलं. वक्ते मनापासून बोलायचे, मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं. गावाला काय हवंय, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मग एक साधी दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. वर लिहिलं, 'आपल्या वाचनालयात तुम्हाला काय ऐकायला, शिकायला, करायला आवडेल?' आठ दिवसांत तीन ओळी आल्या. तिन्ही रोजच्या वाचकांच्या, तिन्हींत नवीन पुस्तकांची मागणी. मागणी रास्तच होती. पण जो माणूस वाचनालयाची पायरीच चढत नाही, तो आतल्या वहीत लिहिणार कसा? मग ती वही पिशवीत घालून मी गिरणीवर गेले, बचत गटाच्या बैठकीत गेले, एसटी स्टँडवर बसले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहून घेतलं. महिन्याभरात वहीची निम्मी पानं भरली.

बचत गटातल्या बायकांनी सांगितलेलं मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या सासवांना जात्यावरच्या ओव्या येतात. जाती गेली, त्याही जातील. त्या कुठंतरी लिहून ठेवा." श्रोतेहो, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. दळता दळता बायकांनी रचलेलं केवढं हे भांडार! आणि आमच्याच गल्लीतल्या ओव्या आमच्या कपाटात नव्हत्या.

बैठक ठरली, पण वेळेचं काय? संध्याकाळी स्वयंपाक असतो, सकाळी रान. बायका म्हणाल्या, दुपारी दोनला. त्या वेळी वाचनालय बंद असतं. पहिल्यांदा किल्ली मागायला गेले तेव्हा मंडळातल्या एकांनी विचारलं, "हे वाचनालय आहे की भजनी मंडळ?" मला बोल लागला. पण प्रश्न विचारण्याजोगा होता, म्हणून त्याचं उत्तर इथंही देते.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. त्या वाचनालयाचं स्वतःचं नाट्यगृह आहे, परशुराम सायखेडकर नाट्यगृह. तिथं ग्रंथ आणि नाटक एकाच संस्थेच्या छायेत नांदतात. आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज! मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयं उभी केली. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरायच्या. त्याच ग्रंथालय खात्याचे लोक गावकऱ्यांना जादूच्या कंदिलाची, म्हणजे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडलेली चित्रं आणि चलचित्रंही फुकट दाखवायचे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचाही ग्रंथालयावर हक्क आहे, हे त्या राजानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. गावातल्या वाचनालयासाठी लोकांनीही आपली वर्गणी घालायची, अशी रीत होती. मला ती फार आवडते. स्वतःचे पैसे घातले की माणूस हक्कानं आत येतो.

किल्ली मिळाली. सतरंजी अंथरली. पहिल्या दुपारी अकरा बायका आल्या. सुरुवातीला कुणी तोंड उघडेना, मग एका आजींनी डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं आणि पुढं तासभर कुणाला थांबवता येईना. कॉलेजच्या दोन मुली लिहून घेत होत्या. एकीनं मध्येच विचारलं, "आजी, हा शब्द कसा लिहायचा?" आजी म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तू म्हणून बघ." त्या वह्यांना आता दाखल क्रमांक पडले आहेत, इतर ग्रंथांसारखेच.

सगळंच जमलं असं नाही. मुलांना हलगी शिकायची होती. वाचनालयात दोन दिवस वाजली आणि अभ्यासाला बसणाऱ्यांनी तक्रार केली, ती खरीच होती. हलगी शाळेच्या पटांगणात गेली, पण मुलांची नावं आणि वेळापत्रक आमच्याकडेच असतं. त्यांतल्या चौघांनी सभासदत्वही घेतलं. नाट्यवाचन दोनदा ठरलं, दोन्ही वेळा सुगी आडवी आली.

वहीत एक ओळ कुडाळकडून लग्न होऊन आलेल्या एका सूनबाईंची आहे, 'आमच्या पिंगुळीची चित्रकथी इथल्या पोरांना दाखवा.' सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांची पोथी समोर धरतात आणि एकेक चित्र दाखवत गाऊन कथा सांगतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रांची पोथी, आणि ती वाचून दाखवणारा माणूस! वाचनालयात याहून शोभेल असं दुसरं काय आहे? कलावंतांचं मानधन आणि प्रवासखर्च मात्र आमच्या अनुदानातून निघणारा नाही. कलावंताला फुकट बोलवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलंय. म्हणून बडोद्याची रीत उचलली. देवघेवीच्या टेबलावर एक डबा ठेवलाय. परवा हलगीच्या मुलांनी त्यात आपली नाणी टाकली. सूनबाई येता-जाता डबा हलवून बघतात.

येत्या शनिवारी दुपारी दोनला ओव्यांची बैठक आहे. वरच्या आळीतल्या एका आजींना गुडघ्यामुळं चालवत नाही. त्यांनी निरोप धाडलाय, "कुणीतरी गाडी घेऊन या, माझ्या अजून पुष्कळ बाकी आहेत." दीड वाजता मी त्यांच्या दारात असेन.